"आज ४० डिग्री उष्णता" असं काही नसतं ओ

उन्हाळा लागला की दरवर्षी हेच. सकाळी सकाळी फॉरवर्ड येतो "बेळगावात उष्णता ३८ डिग्रीवर", संध्याकाळी शिकवायला बसलो की पोरांच्या वहीत तेच, आणि खोडलं की "तापमान आणि उष्णता दोन्ही एकच की ओ सर". एकच नाहीत. मी दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारून मारून थकलोय म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

तापमान तुम्हाला येतं. थर्मामीटर लावला, आकडा आला, झालं. तब्येत बरी असली की ३७ सेल्सिअसच्या आसपास म्हणजे ९८.६ फॅरनहाइट. तापमान लिहा नाहीतर तपमान, सेल्सिअस म्हणा नाहीतर सेंटिग्रेड (१९४८ पासून अधिकृत नाव सेल्सिअस), मला काही फरक पडत नाही. आजी "टेंपरेचर आलंय" म्हणते तेपण चालतं, ताप आलाय हे सगळ्यांना कळतं.

गाडी अडते ती उष्णतेपाशी. उष्णता म्हणजे गरम वस्तूकडून गार वस्तूकडं जाणारी ऊर्जा, ती ज्यूलमध्ये नाहीतर कॅलरीत मोजतात, डिग्रीत कधीच नाही. तापमानाला माल किती आहे त्याच्याशी देणंघेणं नसतं, उष्णतेला असतं. ८० डिग्रीचा कपभर चहा आणि बंबातून काढलेलं ४५ डिग्रीचं १५ लिटर बादलीभर पाणी घ्या. जास्त तापलाय चहा. पण दोन्ही २५ डिग्रीपर्यंत गार होऊ दिले तर बादली चहाच्या जवळजवळ ३५ पट उष्णता सोडते.

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फाउंड्रीच्या कास्टिंगवर (साच्यात ओतलेल्या लोखंडावर) ग्राइंडर चालताना बघितलाय का, त्या ठिणग्या हजार डिग्रीच्या वरच्या असतात, हातावर पडल्या तर नुसतं चुणचुणतं, कारण एका ठिणगीत लोखंड असतं ते किती, धुळीच्या कणाएवढं. आणि मामाच्या गुऱ्हाळावर काहिलीतल्या उकळत्या पाकाचा एकच थेंब माझ्या मनगटावर उडालेला, तापमान ११५-१२० च्या आसपास, ठिणगीपुढं काहीच नाही, पण थेंबात माल जास्त आणि वर तो चिकटून बसतो, सगळी उष्णता कातडीत उतरवूनच सुटतो. फोड आठवडाभर होता.

आता खरी गोम. उष्णता दिली की तापमान वाढणारच असं सगळे धरून चालतात, आणि परीक्षेत तिथंच आपटतात. भाताला आधण आलं की आई गॅस अजून मोठा करते, लवकर शिजावा म्हणून. नाही शिजत. उघड्या भांड्यात पाणी एकदा उकळायला लागलं की आकडा तिथंच थांबतो. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास वर, त्यामुळं आपल्याकडं तो शंभरपण गाठत नाही, ९७-९८ ला थांबतो. खालून जाळ चालूच, उष्णता आत जातीये, आणि काटा हलत नाही. मग जाते कुठं? पाण्याची वाफ करण्यात. एक किलो पाणी शून्यापासून शंभरपर्यंत न्यायला साधारण ४२० किलोज्यूल लागतात, आणि तेच शंभरचं पाणी शंभरच्याच वाफेत बदलायला सुमारे २२६०, म्हणजे पाचपटीहून जास्त, आणि एवढ्या सगळ्यात तापमान एका डिग्रीनंपण वाढत नाही! १७६० च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञानं ही लपलेली उष्णता पहिल्यांदा नीट मोजली आणि तेव्हापासून हे दोन शब्द वेगळे झाले. इडलीपात्राचं झाकण काढताना वाफेनं हात भाजतो तो उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का, तर वाफ कातडीवर परत पाणी होताना ते सगळे किलोज्यूल तिथंच सोडते.

पटत नसेल तर करून बघा. लॅबमधला ११० पर्यंतचा थर्मामीटर घ्या, भांड्याच्या बुडाला टेकू न देता उकळत्या पाण्यात धरा आणि गॅस बारीक-मोठा करत बसा. फक्त तापाचा थर्मामीटर घालू नका, त्यात ४२ च्या पुढं पाऱ्याला जागाच नसते, फुटतो.