मुकादम (मुंबई)

टोळीला काम वाटून देणारा, तिच्यावर देखरेख ठेवणारा आणि तिच्या वतीने वरच्यांशी बोलणारा माणूस. गोदी, बांधकाम, महापालिकेची सफाई, डबेवाले अशा अनेक ठिकाणी मुंबईत हा शब्द रुळलेला आहे. कापडगिरण्यांत असे काम करणाऱ्याला जॉबर म्हणत. वाइंडिंग-रिळिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या खात्यांतल्या बायकांवर नाईकीण असे.

कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या तशी माणसे जमवण्याची जबाबदारी जॉबरकडे आली. सकाळी भोंगा झाला की बदली कामगार फाटकाशी उभे राहत. कोणत्या साच्यावर, म्हणजे यंत्रावर, खाडा पडला आहे ते पाहून जॉबर आत घ्यायची माणसे निवडी. साचा बिघडला तर तोच दुरुस्तीला हात घाली. गावाकडून आलेल्याला खोली बघून देणे, खानावळीत उधारी लावून देणे, नडीला पैसे देणे हेही त्याच्याकडेच. याची किंमत दस्तुरीच्या, म्हणजे कामगाराकडून घेतलेल्या लाचेच्या रूपाने वसूल होई, आणि नाईकीणही त्याला अपवाद नव्हती. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या नवख्या माणसाची नोकरी, खोली आणि कर्ज असे एकाच्याच मुठीत आल्यावर त्याने तक्रार करायची तरी कोणाकडे?

तरीही जॉबरला केवळ गिरणीमालकाचा हस्तक समजणे चूक ठरेल. संपात माणसे बाहेर पडली की त्यालाही बाजू घ्यावी लागे. मालकाकडे फार झुकला तर वाडीत, चाळीत त्याचा शब्द कोणी मानत नसे. आणि शब्द गेला की दुसऱ्या दिवशी साचे भरायला माणसे कुठून आणणार? ‘व्यवस्थापन’ हा शब्द गिरणगावात पोचण्याआधीच ही ओढाताण तिथे रोजची होती.

ब्रिटिश सरकारने भारतातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात कामगार नेमण्या-काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, अशी शिफारस केली. १९३५मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत आणली. भरतीवरची पकड त्यानंतर हळूहळू सैल झाली. देखरेखीचे काम मात्र राहिले.

डबेवाल्यांचा मुकादम वेगळ्या घडणीचा. तो बहुधा टोळीतलाच जुना माणूस असतो आणि स्वतः डबे उचलतो. गिऱ्हाईक जोडणे, पैसे थकले तर तगादा लावणे, एखादा गावी गेला की त्याची लाइन कोणी चालवायची ते ठरवणे, भांडण मिटवणे ही त्याची कामे. स्टेशनाबाहेर डबे लावताना झाकणावरच्या खुणा वाचून चुकीच्या पेटीत गेलेला डबा जागच्या जागी बाजूला काढणारी नजरही त्याचीच. टोळीचा खर्च वजा जाता उरलेली कमाई सारखी वाटण्याची रीत असल्यामुळे हाताखालच्यांना पिळून त्याचे काही साधत नाही. या धंद्याच्या वक्तशीरपणाचे कौतुक करणारे बहुतेक लोक खुणांविषयी बोलतात. वाटणीच्या या रीतीकडे सहसा कोणी वळत नाही. खरे तर शिस्त तिथूनच येते.

महापालिकेच्या हजेरी चौकीवरचा मुकादम यांहून साधा. नेमणूक त्याच्या हातात नाही, कामगारांचा पगार ठरवणेही नाही. हजेरी घ्यायची आणि रस्ते वाटून द्यायचे, एवढेच. पण बाजाराचा घाणेरडा पट्टा रोज एकाच्याच वाट्याला येतो की आळीपाळीने फिरतो, यावरून कामगार त्याची पारख करतात.