सेंटीमीटरभर फरशी जास्त झाली

मराठीत ‘गॅरेज’ म्हटलं की ग्रीसने माखलेले हात, उघडं बॉनेट आणि ‘उद्या संध्याकाळी या’ हे वाक्य आठवतं. अमेरिकेत आल्यावर कळलं की इथे ‘गराज’ ही घरातलीच एक खोली असते. गाडी तिथे झोपते आणि तिच्या आजूबाजूला बर्फ ओढायचं फावडं, सायकली, अर्धवट सुकलेले रंगाचे डबे. डेट्रॉईटच्या उपनगरातलं आमचं गराज वीस फूट बाय वीस फूट. खालचा काँक्रीटचा स्लॅब बर्फ आणि मिठाने पार खरवडलेला. एका ऑक्टोबरात मी त्यावर एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइल्स टाकल्या. फूटभर लांब, फूटभर रुंद, अर्धा इंच जाड, चारशे नग. सिमेंट नाही, चिकटवणं नाही, गवंडी नाही. शनिवारी सकाळी बसलो, रविवारी दुपारी गाडी आत.

पुढच्या जुलैत फरशी फुगली. मधोमध, तीन-चार टाइल्सच्या रुंदीत, चार बोटं उंच. आई तेव्हा इकडे आली होती. ती दारात उभी राहून म्हणाली, “तळायला टाकलेल्या पापडासारखी दिसतेय रे.” टाइल एकही तुटली नव्हती, खाली पाणीही नव्हतं. कारण शोधायला कागद-पेन्सिल पुरली.

या टाइल्स पॉलिप्रॉपिलीनच्या. हे प्लास्टिक तापमान एक अंशाने वाढलं की मीटरमागे साधारण एक दशांश मिलिमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण ऑक्टोबरात टाइल्स बसवल्या तेव्हा गराजमध्ये ८ अंश सेल्सियस होतं आणि जुलैत ३३. फरक २५ अंशांचा, लांबी सहा मीटर. म्हणजे फरशी १५ मिलिमीटर लांब व्हायला बघत होती. खालचं काँक्रीट त्याच उन्हाळ्यात जेमतेम दीड मिलिमीटर वाढलं, कारण त्याचा प्रसरणांक या प्लास्टिकच्या सुमारे एक दशांश आहे. आणि मी तर टाइल्स दोन्हीकडे भिंतीला टेकवून, हातोडीने ठोकून, अभिमानाने घट्ट बसवल्या होत्या.

सांध्यांमध्ये थोडी ढिलाई असते, तिने काही मिलिमीटर गिळले. सेंटीमीटरभर फरशी उरली. तिला जायला एकच दिशा होती, वर.

इथे शाळेतला पायथागोरस एक गंमत दाखवतो. सहा मीटर लांबीच्या पट्टीत एक सेंटीमीटर जादा झाला आणि ती मधोमध मोडून तंबूसारखी उभी राहिली असं धरा. प्रत्येक बाजू ३.००५ मीटर, खालचा पाया ३ मीटर. उंची किती? सतरा सेंटीमीटर! एका सेंटीमीटरची वाढ आणि वीतभर उंचवटा. फुगवटा छोट्या पट्ट्यापुरता असेल तर उंची कमी भरते. मीटरभर रुंदीत तोच सेंटीमीटर सात सेंटीमीटर उचलतो, आणि आमच्याकडची चार बोटं म्हणजे तेच.

रेल्वेच्या माणसांना हे गणित तोंडपाठ असतं. आपल्याकडचा रूळ १३ मीटरचा, आणि पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. तापमान ४० अंशांनी चढलं की एकेक रूळ सहा मिलिमीटर लांब. म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवायचे, आणि जुन्या पॅसेंजर गाडीची ती खटक-खटक लय त्या फटींचीच होती. आता रूळ वेल्डिंगने जोडून लांबच लांब करतात आणि स्लीपर-खडीच्या पकडीने त्यांना वाढूच देत नाहीत. गराजच्या फरशीला ही पकड नाही. ती स्लॅबवर नुसती पडलेली असते, म्हणून तिच्यासाठी जुनाच उपाय लागू पडतो.

प्लास्टिक इतकं का वाढतं? काँक्रीटमधले अणू एकमेकांना पक्क्या बंधांनी धरून असतात. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे अणूंच्या लांबच लांब साखळ्या. प्रत्येक साखळी स्वतः मजबूत असते, पण शेजारच्या साखळीशी तिचं नातं तसं दूरचंच. उष्णतेने साखळ्या हलायला लागल्या की एकमेकींपासून सहज सरकतात. या पदार्थाला फरशी होण्याइतकी कणखरता आली तीही साखळीच्या रचनेतूनच. इटलीत मिलान इथे जुलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये अशी साखळी बनवली, जिच्यातले सगळे मिथाइल गट (साखळीला बाजूने लटकलेले कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट) एकाच बाजूला, शिस्तीत. शिस्त असली की साखळ्या एकमेकींशेजारी नीट रचल्या जातात, स्फटिक बनतात. बेशिस्त पॉलिप्रॉपिलीन चिकट गोळ्यासारखं असतं, शिस्तीचं शाम्पूच्या बाटलीच्या झाकणाची बिजागरी होतं, जी हजारो वेळा उघडमीट केली तरी तुटत नाही. नाट्टा यांना १९६३ मध्ये कार्ल झीग्लर यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पेट्रोल, इंजिन ऑइल, मीठ यांना हे प्लास्टिक फारशी दाद देत नाही, गराजला हवं तेच. उणीव थंडीत दिसते. शून्य अंशाच्या आसपास साधं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होऊ लागतं. म्हणून चांगल्या टाइल्समध्ये साखळीत थोडं इथिलीन मिसळलेलं असतं. तरी जानेवारीत मी त्यावर पाना पडू देत नाही.

आता खालच्या स्लॅबकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण ते स्पंजाचं लांबचं भावंड आहे. सिमेंटला घट्ट होण्यासाठी जेवढं पाणी लागतं त्याहून जास्त पाणी आपण मिश्रण ओतता यावं म्हणून घालतो. जादाचं पाणी उडून जातं आणि केसाहून बारीक नळ्यांचं जाळं मागे ठेवतं. त्या जाळ्यातून जमिनीतली वाफ वर येत राहते. वर एकसंध रंग किंवा चिकटवलेली फरशी असेल तर ही वाफ तिच्या पाठीवर दाब देते आणि शेवटी तिला सोडवते. अडकणाऱ्या टाइल्सच्या पोटाशी बारीक पट्ट्या असतात आणि पट्ट्यांमध्ये हवेला वाट. ओल येते आणि निघून जाते.

ओल जमिनीतून येते की हवेतून, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक स्लॅबवर पसरायचं, चारही कडा टेपने बंद करायच्या आणि किमान १६ तास हात लावायचा नाही. थेंब प्लास्टिकच्या खाली जमले तर पाणी जमिनीतलं. वर जमले तर हवेतलं. आमच्याकडे मे महिन्यात वरच्या बाजूला थेंब होते. हिवाळाभर गारठलेला स्लॅब आणि अचानक आलेली दमट उबदार हवा. मृगाच्या आधी कोकणातल्या घरातल्या फरशीला घाम फुटतो तेच हे. अशा घामावर खालून कितीही लेप दिला तरी उपयोग नसतो.

स्लॅबची दुसरी कटकट मीठ. डेट्रॉईट शहराच्या पोटात, साधारण ३५० मीटर खोल, मिठाची खाण आहे. एका प्राचीन समुद्राचं मीठ, ४० कोटी वर्षांपूर्वीचं. तेच हिवाळ्यात रस्त्यांवर फेकलं जातं. पाण्यात २३ टक्के मीठ असलं की ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. गाडीच्या चाकांना चिकटलेला मिठाळ चिखल गराजमध्ये येऊन वितळतो, काँक्रीटच्या छिद्रांत शिरतो, आणि पातळ झाला की पुन्हा गोठतो. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं आणि वरचा थर पापुद्र्यांनी निघतो. टाइल्स हे थांबवत नाहीत, फक्त झाकतात. म्हणून मी दरवर्षी एप्रिलमध्ये दाराजवळच्या तीन ओळी उचलतो आणि खालचं मीठ धुऊन काढतो. चिकटवलेल्या फरशीला हे करता येत नाही, आणि माझ्या मते या टाइल्स घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच. दिसणं वगैरे नंतर.

लोकांना भीती असते ती वजनाची, आणि ती बहुतेक व्यर्थ असते. १६०० किलोची गाडी म्हणजे प्रत्येक चाकावर ४००. चाकातल्या हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो, आणि चाक जमिनीवर जवळपास तेवढाच दाब देतं. त्यासाठी त्याला पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी जागा पुरते. टाइलच्या पोटाच्या पट्ट्या एक दशांश जागाच टेकवत असतील तर पट्ट्यांवरचा दाब दहापट, म्हणजे २३. पॉलिप्रॉपिलीन दबून कायमचं वाकायला ३०० च्या आसपास लागतं. हत्ती उभा करा म्हणत नाही, पण गाडीची चिंता नको.

चिंता जॅक-स्टँडची, म्हणजे उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी घोडीची. पाचशे किलो त्याच्या चार बारीक पायांवर, मिळून वीस चौरस सेंटीमीटर जागेत. म्हणजे चौरस सेंटीमीटरला २५ किलो, आणि पट्ट्यांवर अडीचशे. सीमेच्या अगदी काठाशी. रात्रभर तसंच ठेवलं तर प्लास्टिक हळूहळू वाहतं आणि खड्डा पडतो. खाली प्लायवूडचा तुकडा टाकला की प्रश्न मिटतो. उभ्या गाडीचं स्टिअरिंग गरगर फिरवू नये हेही त्याच जातीचं पथ्य. तेव्हा चाक टाइलला पिळतं आणि ती पिळवणूक सांध्यांना सोसावी लागते.

याच टाइल्स मऊ पीव्हीसीच्याही मिळतात. पायाला छान लागतात, आवाज करत नाहीत. (पॉलिप्रॉपिलीनच्या फरशीवर चप्पल घालून चाललं की टप-टप होतं. हा तिचा खरा दोष आहे आणि दुकानात कोणी सांगत नाही.) पण पीव्हीसीवर चाकांच्या जागी तपकिरी डाग पडतात, जे कशानेही जात नाहीत. कारण डाग वर नसतोच, आत असतो. टायरच्या रबराला ओझोनमुळे तडे जाऊ नयेत म्हणून त्यात ‘सिक्सपीपीडी’सारखी रसायनं घालतात. ती मुद्दामच अशी असतात की हळूहळू पृष्ठभागावर येत राहावीत. मऊ पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्यही फिरतं असतं. दोघांची गाठ पडली की टायरमधलं रसायन टाइलमध्ये मुक्काम करतं. याच रसायनापासून ओझोनमुळे बनणारा एक पदार्थ पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन कोहो सॅमन मासे मारतो, हे वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी २०२० मध्ये उघड केलं.

बसवण्याचं काम सोपं, पण क्रम चुकवू नये. आधी गुण्या. पुढच्या दाराच्या रेषेशी काटकोन साधायला गवंड्याचं तीन-चार-पाचच वापरावं: एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, तिरपं बरोबर पाच. आमच्या भिंती एकमेकींना काटकोनात नव्हत्या, आणि भिंत धरून गेलो असतो तर शेवटच्या ओळीत दोन इंचांची फसगत झाली असती. सुरुवात दारापासून, अख्ख्या टाइल्सनी. टाइलच्या दोन कडांना कड्या असतात आणि उरलेल्या दोन कडांना खुंट्या. कड्या आपल्याकडे तोंड करून ठेवल्या की पुढच्या टाइलची खुंटी वरून दाबली जाते, रबरी हातोडी पुरते. कापलेले तुकडे मागच्या भिंतीशी. कापायला मोठ्या दात्यांची जिगसॉ, आणि वेग कमी. १६५ अंशांच्या आसपास हे प्लास्टिक वितळतं, आणि पातं जोरात चालवलं तर पुढे कापलेलं मागे पुन्हा जुळून बसतं! पहिल्या टाइलवर मला वाटलं, माझं पातंच बोथट आहे.

आगीबद्दल मात्र हयगय नको. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी आधारभूत धरलेली निवासी बांधकाम संहिता सांगते, की गराजच्या जमिनीचा पृष्ठभाग न जळणारा असावा आणि त्याला दाराकडे किंवा गटाराकडे उतार असावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. म्हणूनच गराजमधला गॅसवरचा वॉटर हीटर अशा उंचीवर बसवतात की ठिणगी १८ इंचांच्या वर राहावी. वरून प्लास्टिक टाकलेलं स्थानिक इन्स्पेक्टरला चालतं का, हे आधी विचारावं. जाळीदार टाइल्सखाली सांडलेलं पेट्रोल दिसतही नाही. त्यावर वेल्डिंग तर अजिबात करू नये.

नागपूरचा मित्र विचारत होता, पोर्चमध्ये टाकू का. छप्पर नसेल तर नको, म्हटलं. मेमधल्या उन्हात काळी टाइल साठीच्या पुढे जाते, जानेवारीच्या पहाटे दहावर येते. हा फरक आमच्या गराजमधल्या ऑक्टोबर ते जुलैच्या फरकाच्या दुप्पट. शिवाय अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तोडतात, चार-दोन वर्षांत प्लास्टिक खडूसारखं होतं. तिथे शहाबादीच बरी.

आमची फरशी मी ऑगस्टमध्ये उचलून पुन्हा टाकली. मागच्या आणि बाजूच्या भिंतींशी फट ठेवली, आणि ती झाकायला भिंतीला पट्टी ठोकली. भिंतीलाच, फरशीला नाही. फट किती ठेवायची ते बसवायच्या दिवशीच्या तापमानावर ठरतं. जानेवारीत बसवत असाल तर भरपूर, ऑगस्टमध्ये जेमतेम. यंदाच्या जानेवारीत पट्टी काढून बघितलं, फटीत अंगठा गेला. जुलैत पेन्सिल कशीबशी शिरली.