जिमजिलबांग : आपत्कालीन निवारा म्हणून वापर

दक्षिण कोरियातील जिमजिलबांग या सार्वजनिक स्नानगृहांत आपद्ग्रस्तांची तात्पुरती सोय करण्याची पद्धत. तिचे सर्वांत ठळक उदाहरण २०१० सालचे, उत्तर कोरियाच्या सागरी सीमेजवळच्या योनप्योंग बेटाचे.

जिमजिलबांग १९९०च्या दशकात देशभर फोफावले. स्नानाची दालने स्त्री-पुरुषांसाठी वेगळी असतात. त्यापलीकडे सर्वांचे मिळून एक मोठे दालन असते आणि त्याची जमीन ओन्दोल पद्धतीने खालून तापवलेली असते. प्रवेशशुल्क भरले की सुती टी-शर्ट, अर्धी चड्डी, टॉवेल आणि मनगटात अडकवायची लॉकरची किल्ली मिळते. पातळ गादी उचलायची आणि जागा दिसेल तिथे पथारी टाकायची. अनेक जिमजिलबांग रात्रभर उघडे असल्याने शेवटची गाडी चुकलेलेही इथेच रात्र काढतात. भाजलेली अंडी आणि सिख्ये (तांदळाचे गोड पेय) आतच विकत मिळतात. ऊब, गरम पाणी, कपडे, अंथरूण हे सारे आधीच तयार! २०१७च्या भूकंपानंतर पोहांग शहरात लोकांना व्यायामशाळेत तंबू ठोकून राहावे लागले, तेव्हा जिमजिलबांग आणि अशा निवाऱ्यातला फरक ठसठशीत दिसला.

२३ नोव्हेंबर २०१० रोजी उत्तर कोरियाने योनप्योंगवर तोफा डागल्या. दोन मरीन सैनिक व दोन नागरिक ठार झाले. बहुतेक बेटवासी मिळेल त्या बोटीने मुख्य भूमीवरील इंचॉन शहरात आले आणि त्यांतील शेकडो जण ‘इन्स्पा वर्ल्ड’ या जिमजिलबांगमध्ये उतरले. पहिल्या काही रात्रींसाठी याहून चांगली जागा क्वचितच मिळाली असती. पण मुक्काम जवळपास महिनाभर लांबला आणि तीच रचना नडू लागली. भिंती नसलेल्या दालनात कुटुंबाला आडोसा मिळत नाही, एकाचा खोकला सगळ्यांना ऐकू जातो आणि लॉकरमध्ये संसार मावत नाही. त्यात नोव्हेंबर म्हणजे खेकड्यांच्या हंगामाची अखेर आणि वर्षाची किमची (मुरवलेल्या भाज्या) घालण्याचे दिवस. ही दोन्ही कामे बेटावर अर्धवट राहिली होती. डिसेंबरमध्ये बेटवासीयांना गिम्पो शहरातील सदनिकांत हलवण्यात आले. थोडक्यात, ही सोय रात्रींच्या हिशेबाने चालते, महिन्यांच्या नव्हे.

पुढे सोल महानगर शासनाने नेमका हाच रात्रीपुरता उपयोग उचलला. जोकबांग म्हणजे जेमतेम झोपण्यापुरत्या भाड्याच्या खोल्या. २०२३पासून तिथल्या रहिवाशांना काही ठरावीक स्नानगृहांत अंघोळीची सोय मिळते आणि कडाक्याच्या थंडीत व उकाड्यात तिथे रात्री झोपताही येते.