किमो आणि तिचे साइड इफेक्ट (कोकणातल्या पेशंटसाठी)

किमो म्हणजे किमोथेरपी. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी मारायचं औषध, बहुतेकदा सलाईनमधून देतात, काही औषधं गोळीतही असतात. लोक ज्याला लाईट देणं म्हणतात ते रेडिएशन, ते वेगळं, ते बहुधा आठवड्यातले पाच दिवस असं कित्येक आठवडे चालतं त्यामुळे तिथेच मुक्काम टाकावा लागतो. किमो सायकलने असते, म्हणजे औषध, मग मधे विश्रांती, मग परत औषध; बऱ्याच औषधांची सायकल २१ दिवसांची, म्हणून कणकवली-रत्नागिरीचा माणूस रात्रीच्या गाडीने परळला टाटा मेमोरियलला (१९४१ पासून आहे) जाऊन, सलाईन घेऊन परत येऊ शकतो. हॉस्पिटलचं सर्टिफिकेट असेल तर स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला रेल्वेचं भाडं माफ आणि सोबतच्याला ७५ टक्के सूट, हे कितीतरी जणांना दोन-तीन फेऱ्या झाल्यावर कळतं.

औषधाला आपली पेशी कुठली नि कॅन्सरची कुठली हे नीट ओळखता येत नाही. केसांची मुळं, तोंडाची आतली त्वचा, आतडं, हाडातला मगज, जिथे पेशी भराभर बनतात तिथे सगळीकडे मार बसतो.

पहिले तीन-चार दिवस मळमळ. उलटीची गोळी उलटी यायच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही. तोंडाला लोखंडासारखी चव येते, वास सहन होत नाही. शेजारी तव्यावर बांगडा पडला की आमची काकू उठून मागच्या पडवीत जाऊन बसायची, आणि ही आयुष्यात माशाशिवाय न जेवलेली बाई! अशा वेळी उकड्या तांदळाची पेज कोमट करून थोडी थोडी द्यावी. तोंड आलं असेल तर सोलकढी नको, आमसूल झोंबतं. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कालवं अजिबात नकोत, विहिरीचं पाणी उकळूनच.

खरा धोका औषध दिल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात, तेव्हा रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात आणि नेमकं तेव्हाच माणसाला बरं वाटायला लागलेलं असतं, मग तो लावणीला चिखलात उतरतो किंवा गणपतीत घरभर चाकरमानी असताना मध्ये जाऊन बसतो. चिखलात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) भीती आहेच. ताप १००.४ झाला की सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टरला न विचारता क्रोसिन द्यायची नाही कारण ताप झाकला जातो. नजर काढायची तर काढा, पण गाडी आधी सांगा. पावसात घाट बंद असेल तर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा आणि तिथे पहिलं वाक्य 'किमो चालू आहे' हे बोला.

केस सगळ्याच औषधांनी जात नाहीत. जातात तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी उशीवर दिसायला लागतात, आणि किमो संपल्यावर परत येतात, कधी कुरळे. एका लाल औषधाने लघवी एखाद-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नव्हे.

बोटांच्या मुंग्या मात्र रेंगाळतात, कधी महिनोन्महिने, शर्टाचं बटण लागत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला ऑक्सॅलिप्लॅटिन देतात, त्याने तर गार वस्तूला हात लागला की शॉक बसल्यासारखं होतं. मासे विकणाऱ्या बाईला डॉक्टरांनी हे आधीच सांगायला हवं, तिचा हात दिवसभर बर्फाच्या पेटीतच असतो.