झुडपाच्या विषाने पकडून दिलेलं प्रथिन

आपण मूठ वळतो तेव्हा मेंदूकडून आलेला विजेचा संदेश स्नायूच्या तंतूवर पसरतो आणि तंतूच्या आतल्या पिशव्यांमधलं कॅल्शियम काही सहस्रांश सेकंदांत बाहेर पडतं. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटलं की आकुंचन सुरू. १९६०च्या दशकात जपानच्या सेत्सुरो एबाशी यांच्या कामामुळे एवढं स्पष्ट झालं होतं. कॅल्शियम पुन्हा आत ओढणारा पंपही १९७० साली डेव्हिड मॅक्लेनन यांनी शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. घोडं अडलं ते कॅल्शियम बाहेर सोडणाऱ्या प्रथिनापाशी.

पंप सापडणं त्या मानाने सोपं होतं. तो एटीपी हे पेशीचं ऊर्जाद्रव्य फोडतो, त्यामुळे एटीपी किती फुटलं हे मोजत त्याच्यापर्यंत पोचता येतं. शिवाय पिशवीच्या पटलात त्याचीच गर्दी. कॅल्शियमला बाहेर वाट देणारं प्रथिन, म्हणजे मार्गिका, मात्र काही फोडत नाही की घडवत नाही, नुसती उघडते नि मिटते. प्रथिनं सुटी करायला पटल डिटर्जंटमध्ये विरघळवलं, तर आत आणि बाहेर हा भेदच संपतो. मग गळती मोजायची कशी?

एक धागा जुनाच होता. पिशवी आणि तिला भिडणारी, विजेचा संदेश तंतूच्या आत नेणारी नळी यांच्यामधल्या फटीत ओळीने उभे असलेले ठिपके क्लारा फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग यांनी १९७० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते. त्यांना 'पाय' म्हणत. ते नेमकं करतात काय, याबद्दल फक्त तर्क चालू होते.

वाट दाखवली ती विषाने. त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेत रायानिया नावाचं झुडूप आढळतं. त्याचं लाकूड दळून १९४०च्या दशकापासून कीटकनाशक म्हणून वापरत. त्यातलं रायनोडाइन हे द्रव्य स्नायू ताठरून टाकतं. १९८०च्या दशकात संशोधकांनी त्याला किरणोत्सारी हायड्रोजन जोडला आणि ते कुठे जाऊन बसतं ते पाहिलं. अगदी अल्प मात्रेतही ते 'पाय' असलेल्या भागालाच घट्ट चिकटत होतं, आणि मार्गिका उघडी असेल तर जास्तच. पटल विरघळवलं तरी त्याची पकड सुटत नव्हती, हे महत्त्वाचं.

पुढची कृती सशाच्या स्नायूंवर झाली. पटल विरघळवून ते साखरेच्या, तळाकडे दाट होत जाणाऱ्या द्रावणावर ओतलं आणि अपकेंद्री यंत्रात फिरवलं. रायनोडाइन धरलेलं प्रथिन इतकं अवजड, की पंप आणि बाकीच्यांना मागे टाकून ते खोल उतरलं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर त्याची पट्टी वरच्या टोकालाच अडकली. पुढे १९८९ साली जनुक वाचल्यावर आकडा कळला: ५०३७ अमिनो आम्लांची साखळी, आणि अशा चार साखळ्या मिळून एक मार्गिका.

पण विष चिकटलं म्हणजे तीच मार्गिका, असं म्हणता येत नाही. म्हणून १९८७-८८ मध्ये शुद्ध प्रथिन कृत्रिम पटलात बसवून त्यातून जाणारा प्रवाह मोजला गेला. थोडं कॅल्शियम आणि एटीपी दिलं की ते उघडे, मॅग्नेशियमने मिटे, रायनोडाइन दिलं की अर्धवट उघडं अडकून पडे. मूळ पटलातली मार्गिका हुबेहूब अशीच वागायची. सिडनी फ्लायशर, केविन कॅम्पबेल आणि गेरहार्ड माइसनर यांचे गट या कामात पुढे होते. मला सगळ्यात आवडतो तो यातला सूक्ष्मदर्शकाचा भाग: शुद्ध केलेले रेणू पाहिले, तर ते चौकोनी 'पाय'च निघाले.

या प्रथिनातला बिघाड जीवघेणा ठरू शकतो. १९६० साली मेलबर्नमध्ये पाय मोडलेला एक तरुण मोडक्या पायापेक्षा भुलीलाच जास्त घाबरत होता, कारण त्याचे दहा नातेवाईक भुलीखाली दगावले होते. या प्रथिनात आनुवंशिक दोष असलेल्या अशा रुग्णांत काही भूलवायूंमुळे मार्गिका उघडी राहते, स्नायू आकसतात आणि ताप भडकतो. १९९१ साली डुकरांमध्ये या दोषाचं मूळ सापडलं: ६१५व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेलं. डँट्रोलीन हे औषध हीच गळती रोखतं.

आपल्याकडे तूर आणि उसावर फवारतात त्या कोराजन या कीटकनाशकातलं क्लोरँट्रानिलिप्रोल हे द्रव्यही अळीच्या याच मार्गिकेवर काम करतं. सस्तन प्राण्यांच्या मार्गिकेवर त्याचा प्रभाव फार कमी. अळीचे स्नायू लुळे पडतात, खाणं लवकर थांबतं, पण मरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशी अळ्या झाडावर दिसल्या, तरी लगेच औषध वाया गेलं असं धरू नये.