३२ जीबीची रेघ कुठून आली?

गणपती आठवड्यावर आले की कुडाळच्या बाजारपेठेतल्या मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानांत एकच गाऱ्हाणं ऐकू येतं. "ह्यो पेनड्राइव्ह गाडयेत वाजणा नाय, जरा बघ मरे." पेनड्राइव्ह नवाकोरा, ६४ जीबीचा, चाकरमान्याने मुंबईहून आणलेला. आत आरत्या, भजनं आणि दोन-तीन डबलबाऱ्या. गाडीतला जुना टेप मात्र फाइली मांडून ठेवायची फॅट३२ ही एकच पद्धत ओळखतो. दुकानातला पोरगा विंडोजवर फॉरमॅटची खिडकी उघडतो, तर यादीत फॅट३२ नाहीच. एनटीएफएस आहे, एक्सफॅट आहे. ३२ जीबीचा ड्राइव्ह लावला की फॅट३२ परत हजर. मग पोरगा सांगतो, "नावातच ३२ आहे ना, त्याच्या वर चालत नाही."

ऐकायला पटतं, पण खरं नाही. नावातले ३२ म्हणजे जीबी नव्हेत, बिट. फाइलचा कुठला तुकडा कुठे आहे याचा जो तक्ता ड्राइव्हच्या सुरुवातीला असतो, त्यातल्या एका नोंदीची ती रुंदी. त्यातलेही २८च वापरात आहेत. ड्राइव्हवर एकूण सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे कप्पे, किती, हे लिहायचा रकानाही ३२ बिटांचा. नेहमीचा ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर हिशोब २ टीबीपर्यंत जातो. म्हणजे ६४ जीबीला फॅट३२ची काहीच हरकत नाही. हरकत आहे ती फॉरमॅट करणाऱ्या अवजाराची.

रकाना अपुरा पडण्याची गोष्ट तशी जुनीच. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीत सुरुवातीला सेक्टरचा आकडा १६ बिटांत मावायचा, म्हणून पार्टिशन ३२ एमबीच्या पुढे जात नसे. (इथेही ३२च, निव्वळ योगायोग.) १९८७ मध्ये कॉम्पॅक कंपनीच्या डॉस ३.३१ने तो रकाना रुंद केला. पुढे फॅट३२च्या आधीची पद्धत फॅट१६, २ जीबीवर अडली आणि १९९६ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आलं. विंडोज ९८ तर ३२ जीबीहून मोठे फॅट३२ ड्राइव्ह बिनतक्रार तयार करत असे.

रेघ दिसली ती विंडोज २०००मध्ये. दुसरीकडे तयार केलेला मोठा फॅट३२ ड्राइव्ह ते मुकाट वाचायचं, पण स्वतः तयार करायला नकार. तोही सुरुवातीला नाही! फॉरमॅट जवळजवळ संपत आलं की आकार फार मोठा असल्याचा निरोप यायचा. हा दोष नाही, मुद्दाम तसं ठेवलंय, असं मायक्रोसॉफ्टने लिहूनही ठेवलं होतं.

पण ३२च का? मायक्रोसॉफ्टचे माजी प्रोग्रॅमर डेव्ह प्लमर यांनी २०२४ च्या मार्चमध्ये सांगितलं, की फॉरमॅटची ती खिडकी त्यांनी १९९४ च्या अखेरीस तात्पुरती म्हणून उभी केली आणि जागा किती वाया जाऊ द्यायची हे ठरवताना ३२ जीबीचा आकडा पडला. फॅट३२ बाजारात आलं १९९६ मध्ये आणि विंडोज २०००च्या आधीच्या विंडोज एनटी ४ला ते कळतही नव्हतं, तेव्हा सालाबाबत मी थोडा हात राखून आहे. जागा वाया जाण्याचं कारण मात्र समजण्यासारखं आहे. टोपलीत चारच बांगडे असले तरी अख्खी टोपली अडते, तशी छोटी फाइलही ड्राइव्हवरच्या जागेचा पूर्ण तुकडा अडवते. तुकडे लहान ठेवावेत, तर त्यांची संख्या आणि तक्ता दोन्ही फुगतात. १६ केबीच्या तुकड्यांनी ३२ जीबीचा तक्ता ८ एमबीचा होतो. २ टीबीला ६४ केबीचे तुकडे घेतले तरी १२८ एमबी. १९९०च्या दशकातल्या मशीनला हे जड होतं. पुढे मशीन बदलली, रेघ तिथेच राहिली.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. त्यांची फाइली मांडायची पद्धत एक्स्ट४, २००८ च्या डिसेंबरमध्ये लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल २.६.२८बरोबर पक्की झाली, कागदावर १ एक्झाबाइटपर्यंत (सुमारे दहा लाख टीबी). पण तसा ड्राइव्ह तयार करणारं एमकेई२एफएस हे अवजार ब्लॉकचे, म्हणजे तिथल्या तुकड्यांचे, आकडे ३२ बिटांत मोजायचं, म्हणून ४ केबीच्या ब्लॉकला १६ टीबीवर गाडी थांबायची. ती मर्यादा सुटली २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, ई२एफएसप्रॉग्स या अवजारसंचाच्या १.४२ आवृत्तीत. तीन वर्षं लागायचं कारण आळस नव्हे. जुन्या फंक्शनांवर दुसरे प्रोग्रॅम विसंबून होते. ती न मोडता शेजारी ६४ बिटांची नवी फंक्शनं उभी करावी लागली. शिवाय कुठला ब्लॉक रिकामा याचा नकाशा १६ टीबीलाच ५१२ एमबी मेमरी खात होता. त्यापुढे आकार वाढवायचा तर नकाशा ठेवायची पद्धतच बदलावी लागणार होती, आणि ती बदलली. एक अट खोडून एवढं काम होत नाही.

विंडोजची अट खोडायला मात्र २०२४ चा ऑगस्ट उजाडला. विंडोज ११च्या एका चाचणी आवृत्तीत कमांड लाइनवरच्या फॉरमॅटची मर्यादा थेट २ टीबी झाली. खिडकीतली रेघ त्या वेळीही ३२वरच होती, आणि आमच्या दुकानांत काळी खिडकी उघडून कमांड टाइप करणारा विरळाच. तोवर कुणी बाहेरचं अवजार वापरतं, कुणी लिनक्सवर एमकेएफएस.फॅट ही कमांड चालवतं, कुणी ३२ जीबीचं पार्टिशन करून उरलेली जागा तशीच सोडतं.

एवढं करून ६४ जीबीचा ड्राइव्ह अखंड फॅट३२ झाला, की गिऱ्हाईक जत्रेतल्या दशावताराचं रात्रभराचं रेकॉर्डिंग पुढे करतं. फाइल ६ जीबीची. ती काही त्यात जात नाही. फाइलचा आकार लिहायचा रकानाही ३२ बिटांचाच, ४ जीबीला एक बाइट कमी एवढाच. तो फॅट३२च्या रचनेतच बसलाय, तिथे कुठलंच अवजार हात घालू शकत नाही. नाटकाचे दोन तुकडे करावे लागतात, आणि पोरगा विचारतो, "कापू खंय?"