गोन्सालो गार्सिया आणि पॉल मिकी: टेकडी एक, संघ दोन

फेब्रुवारी आला की कुठे ना कुठे छापून येतंच: ‘वसईचे येशूसंघीय धर्मगुरू संत गोन्सालो गार्सिया’. एका ओळीत दोन चुका. गोन्सालो येशूसंघीय (जेझुइट) नव्हते आणि धर्मगुरूही नव्हते. ते फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेले संघबंधू होते. १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत त्यांच्याच दिवशी, त्यांच्याच टेकडीवर मारले गेलेले पॉल मिकी मात्र येशूसंघीय. मिस्सा ग्रंथात (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या पुस्तकात) ६ फेब्रुवारीला ‘संत पॉल मिकी आणि सोबती’ असं शीर्षक दिसतं, आणि मिकींचा संघ अलगद गोन्सालोंना चिकटतो.

वसईकरांना गोन्सालोंचं बालपण सांगायला नको. १५५६ च्या सुमारास जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथलीच, किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे शिक्षण. किल्ल्यातलं जे पडकं चर्च आज त्यांच्या नावाने दाखवतात, तेही मुळात येशूसंघीयांचं. फ्रान्सिस्कन संत, पण आठवण जपली ती दुसऱ्या संघाच्या भिंतींनी. गोंधळाचं अर्धं मूळ इथेच आहे.

उरलेलं अर्धं जपानमध्ये. पंधराएक वर्षांचे असताना गोन्सालो येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, भाषा शिकले आणि आठेक वर्षं त्यांचे धर्मशिक्षक म्हणून राबले. संघात घ्या म्हणून त्यांनी विनवलं, पण घेतलं नाही. मग त्यांनी ते काम सोडलं, व्यापार केला, बऱ्यापैकी पैसा मिळवला आणि पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाले. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता मनिलाहून जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो त्यांच्यासोबत होते. म्हणजे येशूसंघीयांबरोबरची वर्षं खरी, पण संघाचे सदस्य म्हणून एक दिवसही नाही.

‘संघ कुठला का असेना, हुतात्मे तर दोघेही’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं थांबतो, कारण संघ बाजूला काढला तर ही माणसं का मारली गेली तेच कळत नाही. १५८५ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी जपानचं काम फक्त येशूसंघीयांकडे सोपवलं होतं. १५८७ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम काढला, पण तो कडकपणे राबवला नाही. येशूसंघीय बेताने, आवाज न करता राहिले. फ्रान्सिस्कन आले ते स्पॅनिश मनिलाचे राजदूत म्हणून, आणि क्योतोत त्यांनी उघडपणे चर्च चालवलं, रुग्णसेवा केली. दोन्ही संघांत यावरून चांगलंच वाजलं होतं. त्यात ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मनिलाहून निघालेलं स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला फुटलं, माल जप्त झाला आणि हिदेयोशीचा संशय स्पॅनिशांवर, म्हणजे पर्यायाने फ्रान्सिस्कनांवर गेला. धरपकड मुख्यतः त्यांची होती. मिकी आणि दोन साथीदार ओसाकात सापडले म्हणून यादीत आले.

हिशोब बघा: एकूण २६. त्यात ६ फ्रान्सिस्कन, ३ जपानी येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक, जे बहुतेक फ्रान्सिस्कनांशी जोडलेले. शीर्षकात नाव मात्र मिकींचं, कारण १९६९ च्या रोमन दिनदर्शिकेत (कॅथलिक चर्चच्या सणांच्या यादीत) हा गट त्यांच्या नावाने घेतला गेला. फ्रान्सिस्कन आपल्या दिनदर्शिकेत आजही पेद्रो बाउतिस्तांचं नाव आधी लिहितात. आमच्या मते वसईत ‘संत गोन्सालो गार्सिया आणि सोबती’ म्हणावं, त्यात कुणाचा अपमान नाही.

मिकी तरी धर्मगुरू होते का? तेही नाही. ते नावाजलेले प्रवचनकार होते, पण दीक्षाविधी व्हायचा होता. फरक इतकाच की मिकी त्या वाटेवर होते आणि गोन्सालोंची वाटच वेगळी होती. संघबंधू व्रतं घेतो, पण मिस्सा अर्पण करत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. तेव्हा गोन्सालोंच्या हाती मिस्सेचा प्याला किंवा गळ्यात धर्मगुरूचा पट्टा देणारी चित्रं सरळ चुकीची. फ्रान्सिस्कन झगा, कमरेला गाठींचा दोर, क्रूस आणि भाले एवढं पुरे. खिळेही नकोत. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसांवर दोराने आणि लोखंडी कड्यांनी बांधलं होतं, मग दोन्ही बाजूंनी भाले खुपसले. त्याआधी क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर हिवाळ्यात महिनाभर नागासाकीपर्यंत मिरवत नेलं. निघताना ते २४ होते, दोघे वाटेत वाढले. म्हणून जुन्या मजकुरात २४ दिसलं तर ती छपाईची चूक नसते.

आता तारीख. मृत्यू ५ फेब्रुवारी १५९७ चा, सण ६ फेब्रुवारीला. ५ तारखेला सिसिलीच्या संत आगाथा यांचा सण फार आधीपासून ठरलेला आहे, म्हणून हा एक दिवस पुढे. मृत्यूची तारीख ६ लिहू नका आणि सण ५ ला आहे म्हणून कुणाशी भांडू नका. एरवी ६ तारखेला रविवार आला की रविवारची उपासना होते आणि हा स्मरणदिन त्या वर्षी गळतो. जे चर्चच या संतांच्या नावाने आहे, उदाहरणार्थ वसईतल्या गासचं, तिथे हाच दिवस महासण असतो आणि सामान्य काळातल्या रविवारलाही मागे सारतो. या संतांची मिस्सा असेल तिथे वस्त्रं लाल.

संतपदाच्या बाबतीत दोघांत फरक नाही: ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी सगळ्या २६ जणांना एकत्रच संत घोषित केलं. म्हणून २००८ मध्ये संत झालेल्या केरळच्या अल्फोन्सा यांना ‘पहिल्या भारतीय संत’ म्हणणं चूक आहे. त्या पहिल्या भारतीय स्त्री संत.